बंद पडलेले यंत्र आणि आपली जबाबदारी



बागेची माती भुसभुशीत करणारा विजेचा टिलर बंद पडला की आपण तो लगेच भंगारात काढतो. तशी घाई करू नका. आधी प्लग काढा, मगच यंत्राला हात लावा. पात्यांत मुळ्या किंवा दोरी अडकली आहे का, ते पाहा. फ्यूज व वायर तपासा. लांब, बारीक एक्स्टेंशन वायरमुळे विजेचा दाब कमी पडतो आणि मोटर तापते. कार्बन ब्रशची मोटर असेल तर झिजलेले ब्रश मिस्त्रीकडून बदलून घ्या.

वाइंडिंगच जळाले आणि दुरुस्ती परवडत नसेल, तरी आपली जबाबदारी संपत नाही. तांब्यासाठी वायर जाळू नका, कोणाला जाळू देऊ नका. तिच्या प्लास्टिकच्या आवरणातून विषारी धूर निघतो. तो प्रथम जातो भंगार वेचणाऱ्याच्या आणि त्याच्या लेकरांच्या छातीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असे यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे गेले पाहिजे.

बँकेत खाते बंद करतानाही आम्ही हिशेब पूर्ण करतो. यंत्राचाही तसाच पूर्ण करूया.