इन्शुलिन आणि मेटफॉर्मिन : आधार कोणाचा, जोड कोणाची?

(संस्थेच्या सभासद व विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता डॉक्टरांचा वाटेल. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, म्हणजे टाइप वन डायबेटिसमध्ये, इन्शुलिनच्या जोडीला मेटफॉर्मिनची गोळी घ्यावी काय, असा हा प्रश्न आहे. परंतु तो दवाखान्याच्या चार भिंतींत राहत नाही. ज्या घरातले दहा-बारा वर्षांचे लेकरू दिवसातून तीन-चार वेळा सुई टोचून घेते, त्या घरात कोणी गोळीचे नाव काढले की आई-वडिलांच्या मनात पहिला विचार येतो तो हाच की, आता सुई सुटणार. ही आशा स्वाभाविक आहे. पण तिच्यापायी इन्शुलिन बंद झाले तर दोन-चार दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, लेकरू हातचे जाऊ शकते. म्हणून माझे सांगणे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन हा आधार आहे आणि मेटफॉर्मिन ही, झालीच तर, जोड आहे. जोड काढली तरी माणूस जगतो. आधार काढला तर जगत नाही. हे असे का, ते क्रमाने पाहू.

मधुमेह एक नव्हे, दोन

आपल्या वस्तीत ज्यांना मधुमेह आहे त्यांतील बहुतेकांना तो दुसऱ्या प्रकारचा असतो. पन्नाशीतले काका सकाळी गोळी घेतात, गोड टाळतात, फिरायला जातात आणि त्यांचे बरे चालते. त्यांच्या शरीरात इन्शुलिन तयार होत असते, पण ते पुरत नाही किंवा त्याचा म्हणावा तसा परिणाम होत नाही. पहिल्या प्रकारात गोष्ट निराळी आहे. तेथे शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. हा आजार बहुधा बालपणी किंवा तरुणपणी दिसू लागतो, पण कोणत्याही वयात होऊ शकतो. तो मुलाने गोड खाल्ल्यामुळे होत नाही, आईच्या चुकीमुळे होत नाही आणि कोणाच्या पापामुळे तर मुळीच होत नाही.

म्हणूनच "काकांना गोळी चालते, मग पोराला का चालत नाही?" या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. काकांच्या घरात धान्य आहे, ते नीट वापरले जात नाही. पोराच्या घरात धान्यच नाही, ते रोज बाहेरून आणावे लागते.

आता मेटफॉर्मिन काय करते? आपले यकृत हे साखरेचे कोठार आहे. आपण जेवत नसतो तेव्हा, विशेषतः रात्री, ते रक्तात साखर सोडत असते. मेटफॉर्मिन मुख्यतः या कोठाराचे दार थोडे लोटून घेते, म्हणजे यकृतातून येणारी साखर कमी करते. शिवाय असलेल्या इन्शुलिनचा परिणाम काही अंशी सुधारते. मात्र ते स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढून घेत नाही आणि स्वतः इन्शुलिनचे काम करीत नाही. इन्शुलिन अजिबात नसेल तर शरीर चरबी जाळू लागते, कीटोन नावाची आम्ले साचतात, रक्त आम्लयुक्त होते आणि रुग्ण बेशुद्ध पडतो. ही क्रिया रोखण्याची ताकद मेटफॉर्मिनमध्ये नाही.

एकाच वर्षाची दोन औषधे

विद्यार्थी मित्रांनो, या दोन्ही औषधांचा जन्म १९२२ सालाशी जोडलेला आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. पहिला अर्क अशुद्ध होता, त्याचा विशेष गुण आला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर त्याच महिन्यात पुन्हा इंजेक्शन दिले आणि मरणाच्या दारातला मुलगा सावरला. १९२३ साली फ्रेडरिक बँटिंग आणि जॉन मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी या आजाराचे मूल म्हणजे काही महिन्यांचे सोबती, फार तर उपासमारीच्या आहारावर आणखी थोडे दिवस.

त्याच १९२२ साली डब्लिन येथे वर्नर आणि बेल या रसायनशास्त्रज्ञांनी मेटफॉर्मिन तयार केल्याचे प्रसिद्ध केले. त्याचे मूळ गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीतील द्रव्यांच्या अभ्यासात आहे. मधुमेहावर ते माणसांना देऊन त्याचे निष्कर्ष फ्रान्समधील डॉ. जाँ स्टर्न यांनी १९५७ साली मांडले. अमेरिकेने त्याला १९९४ च्या डिसेंबरात मान्यता दिली. एवढा उशीर होण्याचे एक कारण म्हणजे त्याच जातीचे फेनफॉर्मिन हे औषध. त्याने रक्तात लॅक्टिक आम्ल साचून मृत्यू झाल्यामुळे ते १९७० च्या दशकात अमेरिकेत बंद करावे लागले होते. मेटफॉर्मिनमध्ये हा धोका फारच कमी आहे, पण मूत्रपिंड बिघडलेले असल्यास तो वाढतो.

मग जोड द्यावी तरी कशासाठी?

१९९३ साली अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तातील साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली तर डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होतो, मूत्रपिंड आणि मज्जातंतूही पुष्कळ वाचतात, हे त्यात सिद्ध झाले. पण त्याची किंमतही दिसली. साखर एकदम घसरून दुसऱ्याची मदत घ्यावी लागण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले आणि रुग्णांचे वजन वाढले. वजन वाढले की इन्शुलिनचा परिणाम मंदावतो, मग मात्रा वाढवावी लागते, आणि मात्रा वाढली की पुन्हा वजन वाढते. वयात येणाऱ्या मुलामुलींमध्ये संप्रेरकांमुळे ही ओढाताण अधिक होते. हे चक्र मेटफॉर्मिनने तोडता येईल काय, असा विचार यातून पुढे आला.

त्याचे उत्तर प्रयोगांनी काय दिले? २०१५ साली अमेरिकेत १२ ते १९ वर्षे वयाच्या, वजन जास्त असलेल्या १४० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांचे इन्शुलिन चालू होते. निम्म्यांना मेटफॉर्मिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. तीन महिन्यांनी मेटफॉर्मिनवाल्यांची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, किंचित सुधारली. सहा महिन्यांनी तो फरक उरला नाही. वजन आणि इन्शुलिनची गरज मात्र काहींची कमी झाली. पोटाच्या तक्रारी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ७० टक्के जणांना, तर नुसती गोळी घेणाऱ्यांत ३५ टक्के जणांना झाल्या.

२०१७ साली 'रिमूव्हल' नावाचा अभ्यास आला. पाच देशांतील, चाळिशी ओलांडलेल्या ४२८ रुग्णांना तीन वर्षे पाहण्यात आले. वजन सरासरी सव्वा किलोच्या आसपास कमी झाले, अपायकारक कोलेस्टेरॉल थोडे उतरले. पण साखरेतील सुधारणा पहिल्या काही महिन्यांपलीकडे टिकली नाही. मानेतील रक्तवाहिनीच्या भिंतीची सरासरी जाडी हे त्या अभ्यासाचे मुख्य मोजमाप होते. त्यातही ठोस फरक दिसला नाही. म्हणजे हे औषध निरुपयोगी नाही, पण चमत्कारही नाही.

कोणाला देतात?

अमेरिकेत मेटफॉर्मिनला मान्यता आहे ती दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासाठी. पहिल्या प्रकारात डॉक्टर ते रुग्ण पाहून, विचारपूर्वक देतात. इंग्लंडमधील 'नाइस' या सरकारी संस्थेची शिफारस आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. शरीरभारांक २५ किंवा अधिक असलेल्या आणि इन्शुलिनची मात्रा फार न वाढवता साखर सुधारू इच्छिणाऱ्या प्रौढ रुग्णाला मेटफॉर्मिन जोडून देण्याचा विचार करावा, असे ती म्हणते. मात्र दक्षिण आशियाई कुळाच्या लोकांसाठी, म्हणजे आपल्यासारख्यांसाठी, हा आकडा २३ धरला आहे. कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटाची चरबी आणि तिचे दुष्परिणाम आढळतात. हिशेब सोपा आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागावे. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ५९ किलो असेल तर हा अंक २३ होतो. ज्या मुलींना बीजकोशात गाठी असून पाळी अनियमित आहे, त्यांनाही डॉक्टर कधी हे औषध देतात.

पण जे मूल वाळलेले आहे, ज्याला इन्शुलिनच पुरेसे मिळत नाही, त्याला गोळीचा काय उपयोग? त्याला हवे आहे पुरेसे इन्शुलिन, अन्न आणि नियमित तपासणी.

गोळी सुरू झाली तर

डॉक्टरांनी गोळी दिलीच तर ती बहुधा ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणाबरोबर, हळूहळू वाढवत दिली जाते. सुरुवातीला मळमळ, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव हे त्रास होतात; पुष्कळांचे ते काही आठवड्यांत कमी होतात. इन्शुलिनची गरज उतरू लागली तर साखर घसरू शकते, म्हणून त्या काळात तपासणी अधिक वेळा करावी. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मात्रा किती कमी करायची हे डॉक्टरांना विचारून ठरवावे, शेजाऱ्यांना विचारून नव्हे. वर्षातून निदान एकदा मूत्रपिंडाची तपासणी करावी. दीर्घकाळ गोळी घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. त्यामुळे पायाला मुंग्या आल्या तर तो मधुमेहाचाच परिणाम समजून गप्प बसू नये. दारू वर्ज्य करावी.

औषधाच्या दुकानातही सावध राहावे. मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड मिसळलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात आणि त्यांची नावेही सारखी असतात. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. ज्या स्वादुपिंडात ते उरलेच नाही, तेथे त्याचा काय उपयोग? पाकिटावरचे घटक वाचावेत. आपली शिकलेली मुले घरात आहेत ती याच कामासाठी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मेटफॉर्मिनने मळमळ आणि उलटी होते, आणि इन्शुलिन कमी पडून कीटोन साचले तरीही उलटीच होते. घरचे म्हणतात, "गोळी सोसली नाही, उद्या बरे वाटेल." तो उद्या कधी कधी उजाडत नाही. म्हणून उलटी झाली की आधी साखर आणि कीटोन तपासा. उलट्या, जुलाब, मोठा ताप असेल तर मेटफॉर्मिन थांबवा व डॉक्टरांना कळवा. पण इन्शुलिन थांबवू नका. रुग्ण जेवत नसला तरीही थांबवू नका. मात्रा डॉक्टर ठरवतील. पोटदुखी, खोल व जलद श्वास, तोंडाला फळासारखा वास, ग्लानी ही चिन्हे दिसली तर रात्र आहे, पैसे नाहीत म्हणून थांबू नका. थेट रुग्णालयात न्या.

पैशाचा विषय निघाला म्हणून बोलतो. मेटफॉर्मिन स्वस्त आहे. इन्शुलिन, सुया आणि तपासणीच्या पट्ट्या महाग पडतात. कमी मिळकतीच्या घरात स्वस्तावर भागवून महाग ते वाचवण्याचा मोह होतो. तो मोह आपण सर्वांनी मिळून टाळला पाहिजे. संस्थेकडे अशा मुलासाठी मदत मागितली गेली तर क्रम असा असावा : आधी इन्शुलिन, मग सुया, मग पट्ट्या, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितली असेल तरच गोळी.

आणखी एक. लग्न जमवताना मुलीचे इन्शुलिन लपवले जाते, सासरी गेल्यावर "मी फक्त गोळी घेते" असे तिला सांगावे लागते, आणि सुया चोरून घ्याव्या लागतात. चोरून घेतलेल्या सुया केव्हा तरी चुकतातच. विद्यार्थ्यांनो, तुमच्या वर्गात, वसतिगृहात असा मित्र किंवा अशी मैत्रीण असेल तर त्यांना सुई उघडपणे घेता येईल असे वातावरण ठेवा. त्यांची साखर घसरली तर काय करायचे ते शिकून घ्या.

सारांश, मेटफॉर्मिन काही रुग्णांना उपयोगी जोड आहे : थोडे वजन, थोडी मात्रा कमी करणारी. ती घ्यावी की नाही हे डॉक्टरांबरोबर बसून ठरवावे. घेतली तर ती इन्शुलिनच्या बरोबर, इन्शुलिनच्या ऐवजी कधीच नव्हे. आज घरी गेल्यावर एवढे एक वाक्य जरी आपण शेजारच्या घरी सांगितले, तरी या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.