नीरेकाठचे अग्निबाण



विमानविद्या आणि अवकाशविद्या यांचे आपल्या मुलखातले आद्य प्रवर्तक, असा आजचा विषय आहे. सुरुवात शिवकर बापूजी तळपदे यांच्यापासून करतो. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडवले, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तळपदे ही खरी व्यक्ती. संस्कृतचे जाणकार, ध्यास घेतलेला माणूस. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या उड्डाणाचा त्या काळचा, तपासून पाहता येईल असा पुरावा आजवर कोणी पुढे ठेवलेला नाही. या कथेशी ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चे नाव जोडले जाते, त्याची तपासणी १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. उलट १७ डिसेंबर १९०३ चे राइट बंधूंचे पहिले उड्डाण जेमतेम १२ सेकंदांचे, १२० फुटांचे. पण त्याचे छायाचित्र आहे आणि पाहणारे पाच साक्षीदार होते. दाखवता येते तेच इतिहासात टिकते. दाखवता येण्यासारखे आपल्या उंबऱ्याशी इतके पडले आहे, की सिद्ध न होणाऱ्या कथेला धरून बसायचे आपल्याला कारणच नाही.

आता नकाशा घ्या. मुंबई आणि बळ्ळारी या दोन ठिपक्यांना जोडणारी सरळ रेघ ओढा. ती खटाव तालुक्यावरून जाते, आपल्या माण तालुक्याला अगदी खेटून. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहू गाठले, आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. ‘पस मॉथ’ जातीचे एका इंजिनाचे छोटे विमान. वाट दाखवणारा रेडिओ नाही. खाली दिसणाऱ्या नद्या, डोंगर आणि रेल्वेचे रूळ ओळखत जायचे. देशी विमान कंपनीच्या टपालाची ही पहिली वाट आपल्या शिवारांच्या अंगाने गेली.

विमान चालवणे वेगळे आणि विमान बनवणे वेगळे. मला जास्त ओढ आहे ती बनवणाऱ्यांची. त्यातले पहिले मोठे नाव सोलापूरचे. वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२. रेल्वेची कंत्राटे, भोर घाटातले बोगदे, सिंधिया कंपनीची जहाजे हे सगळे करून झालेला हा माणूस १९३९ साली अमेरिकेहून परतताना विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन गृहस्थाला भेटला. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. प्रवासातल्या त्या बोलण्यातून वालचंदांच्या मनात पक्के झाले की हे हिंदुस्थानात व्हायला हवे. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिले, दिवाण मिर्झा इस्माईल पाठीशी उभे राहिले, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये, म्हणजे वर्षसुद्धा न होता, तिथे जोडलेले हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान आकाशात गेले. विचार करा, त्या वेळी आपल्याकडे देशी कंपनीची मोटारगाडीसुद्धा बनत नव्हती. पुढे युद्ध दाराशी आले आणि १९४२ साली सरकारने कारखाना ताब्यात घेतला. आज ज्याला आपण ‘एचएएल’ म्हणतो, ते हेच रोपटे.

पण बाहेरून आलेले सुटे भाग जोडणे ही पहिलीच पायरी. कागदावरच्या पहिल्या रेघेपासून विमान आपले असायला हवे. ती रेघ ओढणारा माणूस कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचा. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८. जर्मनीत गटिंगेनला जाऊन त्यांनी लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. पंखावरून हवा कशी वाहते, पृष्ठभागाला चिकटलेला हवेचा पातळ थर काय करतो, हे जगाला शिकवणारा हा गुरू. घाटगे परतले आणि बंगळूरला कामाला लागले. त्यांच्या हाताखाली आखलेले ‘एचटी-२’ हे दोन आसनांचे विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडाले. पुढची तीन-साडेतीन दशके भारतीय हवाई दलातल्या वैमानिकांच्या कितीतरी पिढ्या उडायला शिकल्या त्या याच विमानावर. घानासारख्या नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाने ते आपल्याकडून विकत घेतले. नंतरचे ‘पुष्पक’, ‘कृषक’ आणि ‘किरण’ हे जेट विमानही घाटग्यांच्याच काळातले. माझ्या मते विमानविद्येतला महाराष्ट्राचा आद्य पुरुष हाच, आणि शाळेच्या भिंतींवरच्या तसबिरींत त्यांचे चित्र नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता पुन्हा घराकडे येऊ. शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाच्या डोंगरावर उभे राहून ईशान्येला पाहा. खाली नातेपुते, पलीकडे नीरा नदी, आणि नदीच्या त्या अंगाला वालचंदनगर. सरळ अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. आपण ते ओळखतो साखर कारखान्यामुळे. पण साखर कारखान्यांची यंत्रे बनवणाऱ्या तिथल्या कामगारांकडे १९७०च्या दशकात ‘इस्रो’ने अग्निबाणाच्या मोटरची केसिंग बनवायचे काम सोपवले. केसिंग म्हणजे इंधन भरलेले पोलादी नळकांडे. ऐकायला सोपे वाटते. ‘पीएसएलव्ही’ या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याच्या केसिंगचा व्यास २.८ मीटर, आणि भिंत जेमतेम सात-आठ मिलिमीटर. आत सुमारे १३८ टन घन इंधन पेटते, दाब वातावरणाच्या पन्नासपटीच्या आसपास जातो. भिंत जाड केली तर अग्निबाण स्वतःच्याच वजनाने बसेल. म्हणून निकेलचे प्रमाण मोठे असलेले मॅरेजिंग पोलाद वापरतात. ते आधी मऊ असते, तेव्हाच त्याला आकार द्यायचा, वेल्डिंग करायचे; आणि मग भट्टीत ४८० अंशांच्या आसपास काही तास मुरवायचे, की ते कठीण होते. प्रत्येक वेल्डची क्ष-किरणाने तपासणी. केसाएवढी चीर राहिली तरी सगळे संपले. आटपाडी-खानापूरकडची आपली गलाई मंडळी देशभर सोन्या-चांदीची आटणी करतात. धातूला किती ताप द्यायचा आणि कुठे थांबायचे, ही जाण या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, म्हणून मला त्या भट्टीचे फार अप्रूप वाटते.

१४ जुलै २०२३ ला चंद्रयान-३ ला घेऊन उडालेल्या अग्निबाणाच्या दोन्ही बाजूंना २०० टनांहून अधिक इंधनाचे बूस्टर होते. त्यांचे भागही नीरेकाठी तयार झाले.

त्या नळकांड्यात भरायचे इंधन आपले करण्यात मोठा वाटा डॉ. वसंत गोवारीकरांचा. जन्म पुण्याचा, १९३३. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला संशोधन करून ते स्थिरावले होते. विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून १९६७ साली ते केरळातल्या थुंब्याला आले. घन इंधन म्हणजे भुकटी आणि रबरासारखा चिकट पदार्थ यांचे असे मिश्रण, की ते न भेगाळता, एका लयीत जळत गेले पाहिजे. कोणताही देश त्याची कृती सहजासहजी दुसऱ्याला देत नाही. ती आपल्या प्रयोगशाळेत बसवावी लागली, आणि गोवारीकरांचे पथक त्यासाठी वर्षानुवर्षे राबले. १८ जुलै १९८० ला ‘एसएलव्ही-३’ या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला तेव्हा विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक तेच होते. पुढे पावसाच्या अंदाजाचे सोळा घटकांचे प्रारूपही त्यांच्याच नावाने ओळखले गेले. आपल्यासारख्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या तालुक्याला हे नाव दोन्ही कारणांनी जवळचे असायला हवे.

आणखी दोन नावे. मूळ कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे १९६२ साली स्थापन झालेल्या अवकाश संशोधन समितीचे सदस्य-सचिव. थुंबा काय किंवा श्रीहरिकोटा काय, अग्निबाण सोडायची जागा शोधण्यात त्यांचा हात होता. पुण्याचे प्रमोद काळे २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून पहिला अग्निबाण सुटला तेव्हा तिथे होते, आणि पुढे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले.

आणि आजचा माणूस पाटण तालुक्यातल्या सळव्याचा. कॅप्टन अमोल यादव. मुंबईत कांदिवलीला चारकोपमध्ये, इमारतीच्या गच्चीवर, त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. दोन प्रयत्न आधी वाया गेले होते. तिसरे विमान सुटे करून क्रेनने खाली उतरवले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या प्रदर्शनात मांडले. लोक गर्दी करून पाहायला आले. पण घरगुती विमानाची नोंदणी कशी करायची, हेच ठरलेले नव्हते. नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडले, उडवून पाहायची परवानगी २०१९ मध्ये आली, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणीची उड्डाणे झाली. विमान बांधण्याइतकीच चिकाटी त्या कागदांसाठी लागली, आणि ती त्यांनी दाखवली.

पुढच्या रांगेतल्या मुलांनो, तुमच्यासाठी वाटा सांगतो. वेल्डर, फिटर, मशिनिस्ट हे आयटीआयचे अभ्यासक्रम आहेत, आणि अग्निबाणाच्या केसिंगला लागतात ते हात हेच. डिप्लोमा किंवा पदवी हवी असेल तर सांगलीला वालचंदांच्याच नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९४७ पासूनचे. तिरुवनंतपुरमला २००७ साली निघालेली अवकाश विज्ञान संस्था जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणांवर प्रवेश देते. आणि बाईंना, गुरुजींना माझी एक विनंती आहे: यंदा सहलीसाठी वालचंदनगरच्या कारखान्याकडे परवानगीचा अर्ज करा. सकाळच्या एसटीने निघालात तर दिवेलागणीला घरी पोचाल.