नरक्याची साल आणि आतड्याचा कॅन्सर



आतड्याच्या कॅन्सरवर झाडपाल्याचं औषध आहे का, असं कुणी विचारलं तर उत्तर ‘हो’ असंच आहे. पण ते पूर्ण ऐकून घ्या.

आपल्या सह्याद्रीच्या जंगलात नरक्या नावाचं लहानसं झाड वाढतं. त्याच्या सालीत कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. हे द्रव्य पहिल्यांदा सापडलं ते चीनमधल्या एका झाडात. 1966 साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे.

पेशी वाढते, एकीच्या दोन होतात, तेव्हा तिच्या आतल्या दोऱ्याचा पीळ सोडवण्यासाठी त्याला छोटा काप जातो आणि तो लगेच पुन्हा जुळतो. हे द्रव्य तो काप जुळू देत नाही, म्हणून पेशी मरते. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, त्यांना हा मार जास्त बसतो. पण आतड्याचं आतलं अस्तर आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही भराभर वाढत असतात. त्यांनाही तो बसतो. म्हणूनच सुरुवातीला रुग्णांना हे द्रव्य दिलं, तेव्हा जोराचे जुलाब झाले, लघवीतून रक्त गेलं आणि प्रयोग थांबवावे लागले. पुढे त्यात बदल करून इरिनोटेकन हे औषध तयार झालं. अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली 1996 साली. म्हणजे द्रव्य सापडल्यापासून तीस वर्षांनी!

आज हे औषध सलाइनमधून देतात. रुग्णाची उंची-वजन पाहून मात्रा ठरते, आधी रक्त तपासतात. इतकी काळजी घेऊनही जुलाब होतात, पांढऱ्या पेशी कमी होतात. मग घरी साल उकळून दिली, तर त्या पेल्यात किती द्रव्य उतरलं हे कोण सांगणार? कमी उतरलं तर उपयोग नाही आणि जास्त उतरलं तर जिवावर बेतेल. शिवाय सालीसाठी झाडंच्या झाडं तोडली गेली. जंगलातला नरक्या त्यामुळे कमी झाला.

हळदीचंही तसंच. काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशींवर हळदीतल्या द्रव्याचा परिणाम दिसतो, पण पोटात घेतलेली हळद रक्तात फारच थोडी उतरते. भाजीत जरूर घाला, पण तिच्या भरवशावर उपचार सोडू नका.

खरं नुकसान होतं ते वाया गेलेल्या दिवसांचं. शौचावाटे रक्त पडतं, आपण मूळव्याध म्हणतो, लाजेनं कुणाला सांगत नाही आणि पाल्याचा रस घेत राहतो. रक्त पडत असेल, शौचाची सवय बदलून काही आठवडे झाले असतील, वजन उतरत असेल, अंगात रक्त कमी भरत असेल, तर आधी सरकारी दवाखाना गाठा. गरज वाटली तर डॉक्टर दुर्बिणीची तपासणी सांगतील. हा कॅन्सर लवकर सापडला तर ऑपरेशननं बरा होऊ शकतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचारही बसतात, रुग्णालयात त्याची चौकशी करा.

आणि कुणी काढा, चूर्ण घेत असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. काही पाल्यांमुळे औषधाचा परिणाम कमी-जास्त होतो. पुडी सोबत न्या आणि दाखवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. एकीनं तोंड उघडलं की दुसरीलाही धीर येतो.