जुना फायनल कट आणि नवा मॅक

नाशिकमध्ये पुढच्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. अशा वेळी २०१५ च्या सिंहस्थाचं फुटेज कुणीतरी मागणारच. तुमचं तेव्हाचं एडिट फायनल कट प्रो ७ वर झालं असेल, तर आजचा भाग नीट ऐका.

ॲपलनं हे सॉफ्टवेअर २०११ मध्येच बंद केलं. तरी लोक ते वापरत राहिले. २०१७ च्या हाय सिएरावर ते उघडेनासं झालं. २०१९ च्या कॅटालिनानं तर ३२ बिटचे सगळेच प्रोग्राम बंद केले, आणि हे ३२ बिटचंच. तुम्ही म्हणाल, मग नवीन फायनल कटमध्ये उघडू की! पण तो जुनी प्रोजेक्ट फाइल थेट वाचतच नाही.

म्हणून जुना मॅक चालू असेल तर तो विकू नका आणि अपडेटही करू नका. त्यावर प्रोजेक्ट उघडा, फाइल मेनूतून एक्सएमएल एक्स्पोर्ट करा. ही फाइल दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत घेता येते. कट जागेवर येतात, टायटल आणि इफेक्ट मात्र बरेचदा परत करावे लागतात. एक लक्षात ठेवा, एक्सएमएलमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त कुठला तुकडा कुठं लावलाय ते असतं. त्यामुळे मूळ क्लिपांची डिस्क जपा, आणि तयार फिल्म प्रोरेसमध्ये वेगळी काढून ठेवा.

सॉफ्टवेअर दुसरं मिळेल, २०१५ चं शाहीस्नान परत शूट करता येणार नाही. चला, भेटू पुढच्या भागात!