चाकातला ‘च’

आम्ही काही भाषापंडित नव्हे. सरकारी कचेरीतले डिप्लोमावाले. पण घरात ‘पाच’च्या उच्चारावरून रोज वाद, म्हणून थोडं वाचलं.

संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी यांच्या मूळ भाषेत ओठांचा चंबू करून म्हणायचा एक ‘क्व’ होता. लॅटिननं तो जपला : चारला ‘क्वात्तुओर’, पाचला ‘क्विंक्वे’. ग्रीकांच्या ‘पेंते’त त्याचा ‘त’ झाला. संस्कृतात ओठ सुटले, ‘क’ उरला; मात्र पुढे ‘ए’ होता तिथं ‘च’ झाला. ‘चक्र’ या शब्दात दोन्ही जागी मूळचा ‘क्व’च, पण पहिल्याचा ‘च’ झाला, दुसऱ्याचा ‘क’! इंग्रजांचं ‘व्हील’ म्हणजे हाच शब्द. त्यांचा ‘क’ गळाला, ओठ तेवढे राहिले.

पुढे मराठीनं ‘चाक’, ‘पाच’ यांत दाताजवळचा, चुलीतला ‘च’ आणला. गुजरातीत मात्र तिथं चहातलाच ‘च’. दांडिया बाजारात वाढलेली आमची मुलं पाच म्हणतात तीही चहातल्या ‘च’नं, आणि आजी दर वेळी टोकते.

‘क्व’चा एवढा प्रवास कळल्यावर मुलांना चूक म्हणायला जीभ रेटत नाही. तरी आजीच्या पाठोपाठ आम्हीही टोकतोच.