खोट असली तरी काम आहे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचा वर्ग सुटला होता. सगळे घरी गेले. एक गृहस्थ मात्र पाटी हातात धरून तसेच बसून राहिले. आम्ही विचारले, "काय हो बाबा, घरी नाही जायचं?"

ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही म्हणता, देवानं प्रत्येकाला काही कामासाठी पाठवलंय. पण माझं अर्धं आयुष्य दारूत गेलं. बायकोच्या गळ्यातलंसुद्धा मी विकलं. माझ्यासारख्याला देव आता कसलं काम देणार?"

त्या रात्री आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. आज देऊन पाहतो.

उत्तरासाठी फार लांब जायला नको. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात करजगाव नावाचे गाव आहे. तिथे १८६१ साली नारायण वामन टिळक जन्मले. लोकमान्य टिळकही आपल्याच जिल्ह्यातले. पण ते वेगळे, हे वेगळे. हे कवी. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी गोड कविता लिहिल्या.

देवाला आपल्याकडून काय हवे आहे, हा प्रश्न या टिळकांना तरुणपणापासून सतावत होता. पण माणूस कसा होता? रागीट होता. लहरी होता. एका ठिकाणी पाय ठरत नसे. नोकरी धरावी आणि सोडावी. कुणाला न सांगता घरातून निघून जावे. हातात पैसा आला की तो टिकत नसे. १८८० साली त्यांचे लग्न झाले. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा लहान मुलगीच होत्या. या सगळ्याचा ताप त्यांनी सोसला.

खूप शोध घेऊन टिळकांनी १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. कोणता धर्म चांगला, ही चर्चा आज आपल्याला करायची नाही. ज्याचा देव त्याच्याजवळ. आपण एवढेच पाहू, की ज्याला देवाची एवढी ओढ होती, त्याच्या हातूनही घरच्या माणसाला केवढे दुःख झाले. लक्ष्मीबाई तेव्हा जवळ नव्हत्या. लहान मुलाला घेऊन त्या नातलगांत राहिल्या. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला. अशी काही वर्षे गेली. मग दोघे पुन्हा एकत्र आले. लक्ष्मीबाईंना सोवळ्याओवळ्याचा मोठा धाक होता. तोही त्यांनी पुढे स्वतः विचार करून सोडला. १९०० साली त्यांनीही नवऱ्याचा धर्म घेतला.

मग टिळकांना देवाचे काम कोणते सापडले? ते काही आभाळातून पडले नाही. कविता करणे त्यांच्या हातात आधीपासूनच होते. तेच त्यांनी देवापुढे ठेवले. आपल्या मराठी भजनाच्या चालीरीतीत त्यांनी देवाची गाणी रचली. मराठी ख्रिस्ती मंडळी ती आजही गातात. शेवटी त्यांनी 'ख्रिस्तायन' नावाचे मोठे काव्य लिहायला घेतले. ते अपुरे राहिले. १९१९ साली टिळक वारले.

ते काम पुढे कोणी नेले? लक्ष्मीबाईंनी. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर नवऱ्यानेच त्यांना अक्षरे शिकवली होती. ज्या हाताने त्यांना दुःख दिले, त्याच हाताने पाटीही दिली. त्या शिदोरीवर त्यांनी 'ख्रिस्तायन'चे पुष्कळ अध्याय लिहिले. 'स्मृतिचित्रे' नावाचे स्वतःच्या आयुष्याचे पुस्तकही लिहिले. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यात नवऱ्याचा राग झाकलेला नाही. स्वतःचा भोळेपणाही झाकलेला नाही. हसत हसत सगळे सांगितले आहे.

मंडळी, आपल्याकडच्या जांभ्याच्या चिऱ्याकडे पाहा. त्याला भोकंच भोकं. पण गवंडी म्हणतो का, की भोकं बुजल्यावर मग मी भिंत बांधीन? तो त्याच चिऱ्यांनी घर उभे करतो. देवाचेही तसेच असावे. बिनखोटीचा माणूस मिळेपर्यंत तो थांबला असता, तर जगात एकही काम झाले नसते.

पण याचा अर्थ असा नाही, की खोट असली तरी चालेल. आपल्या खोटीने दुसऱ्याला दुखते. त्याचे देणे फेडावेच लागते.

आमचेच सांगतो. लावणीच्या दिवसांत एक ताई वर्गाला रोज उशिरा येत. आम्ही चारचौघांत त्यांना बोललो, "शिकायचं नसेल तर येऊ नका." दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. दिवसभर चिखलात वाकायचे, घरच्यांना जेवण वाढायचे आणि मग यायचे, हे आम्हांला ठाऊक होते. तरी तोंड सुटले. आठ दिवस आम्ही आमचा मोठेपणा सांभाळत बसलो. मग त्यांच्या दारी गेलो. म्हटले, "ताई, चूक आमची." त्या परत आल्या. आमची रागाची खोड अजून गेलेली नाही. पण राग आला की त्यांचा चेहरा आठवतो, आणि आम्ही थांबतो.

तेव्हा त्या गृहस्थांना आम्ही आज असे सांगतो. बाबा, मोठे काम शोधत बसू नका. आधी बायकोजवळ चूक कबूल करा. दारू एका दिवसात सुटत नाही. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारा, त्यात लाज नाही. पुन्हा पाय घसरला, तर पुन्हा उठा. आणि तुम्हांला आता अक्षर येते ना? मग बायकोच्या बचत गटाचे पासबुक तिला वाचून दाखवा. फक्त वाचायचे, पैसे मागायचे नाहीत! तुमच्यासाठी देवाचे आजचे काम तेवढेच असेल. उद्याचे उद्या कळेल.

आणि पाटी घेऊन वर्गाला या. उशीर झाला तरी या. आम्ही बोलणार नाही.