लाटांच्या विजेचा हिशेब

भर पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. एवढी शक्ती खडकांवर आपटून वाया जाते आहे. ती धरून तिची वीज का करू नये? विचार चांगलाच आहे. परंतु लाट फुकट मिळाली, म्हणून लाटेची वीज फुकट होत नाही. असे का, ते आज आपण पाहू.

प्रथम यंत्र समजावून घेऊ. केरळात तिरुवनंतपुरमजवळ विझिंजम येथे मद्रासच्या आय. आय. टी.तील मंडळींनी १९९१ साली असे एक केंद्र सुरू केले. मासेमारी बंदराच्या बांधाजवळ काँक्रीटची प्रचंड पेटी बसवली. तिचे तोंड पाण्याखाली उघडे. लाट आली की आतले पाणी चढते आणि वरची हवा जोराने बाहेर लोटली जाते. लाट ओसरली की हवा आत ओढली जाते. लोहाराचा भाताच म्हणा ना! या हवेने चक्र फिरते आणि वीज होते. यंत्र १५० किलोवॅटचे होते. वीज झाली, हे खरे. पण त्या नमुन्याची केंद्रे किनाऱ्यावर ठिकठिकाणी उभी राहिली नाहीत. पुढे तेही बंद पडले.

अडले कुठे? आपल्या घरचे उदाहरण घ्या. बैलजोडी चार महिनेच कामाला जुंपली, तरी वैरण बारा महिने घालावी लागते. यंत्राचेही तसेच आहे. वर्षाचे तास ८,७६०. समजा, एका यंत्रावर एक लाख रुपये खर्च झाले आणि व्याज, झीज, दुरुस्ती मिळून वर्षाला बारा हजार पडतात. यंत्राने वर्षात ६,००० युनिट दिले, तर युनिट दोन रुपयांना पडेल. २,००० च दिले, तर सहा रुपयांना. हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. पण मर्म त्यातच आहे. आपल्याकडे समुद्र पावसाळ्यात खवळतो आणि एरवी बराच शांत असतो. समुद्र निजला, तरी व्याज काही निजत नाही!

दुसरी अडचण वादळाची. लाटेची उंची दुप्पट झाली, की तिची शक्ती चौपट होते. म्हणजे बांधणी करायची वर्षातून क्वचित येणाऱ्या वादळासाठी, आणि कमाई मात्र रोजच्या साध्या लाटांवर. शिवाय खारे पाणी लोखंड खाते, आणि खवळलेल्या समुद्रात दुरुस्तीची होडी यंत्राजवळ जाऊ शकत नाही. पोर्तुगालच्या किनाऱ्याबाहेर २००८ साली ‘पेलामिस’ नावाची तीन तरंगती यंत्रे बसवली होती. एकेकाची शक्ती ७५० किलोवॅट. थोड्याच महिन्यांत ती परत किनाऱ्याला ओढून आणावी लागली. काही यंत्राचे बिघडले, काही भांडवलाचे.

मग हा नाद सोडून द्यावा का? तसेही नाही. स्पेनमध्ये मुत्रिकू या गावी २०११ साली निराळी युक्ती केली. बंदराला लाटा अडवणारा बांध तर बांधायचाच होता. त्याच्या पोटातच हवेच्या कोठ्या ठेवून १६ चक्रे बसवली. बांधाचा मोठा खर्च बंदराच्या खाती पडला, विजेच्या खाती यंत्राचा तेवढा. शिवाय दुरुस्तीला होडी नको, माणूस चालत जाऊ शकतो. तसेच, जिथे तेल बोटीने न्यावे लागते अशा दूरच्या बेटावर वीज मुळातच महाग असते. तिथे लाटेची महाग वीजही परवडू शकते.

सूर्याच्या पट्ट्याही एके काळी फार महाग होत्या. एकाच धर्तीचा माल लाखोंनी होऊ लागला, तेव्हा त्या स्वस्त झाल्या. लाटांच्या यंत्राचा असा एक सर्वमान्य नमुना अजून ठरलेला नाही. म्हणून प्रयोग अवश्य व्हावेत, पण ते प्रयोग म्हणून व्हावेत. पैसा अखेर तुमच्याआमच्या करातलाच असतो.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. वरचे गणित मुलांना फळ्यावर घाला. नवे यंत्र दाखवून कोणी “हे फुकट चालते” म्हणाला, तर तीन प्रश्न विचारायला त्यांना शिकवा: बांधायला किती लागले? वर्षात किती युनिट दिले? आणि मोडले तर दुरुस्त कोण, कधी करणार? उत्तरे मिळाली, की लाटेचे मोल मुले स्वतःच काढतील.